बुवांच्या दोन मात्रा

आप्पांची आणि माझी ओळख कुकरच्या शिट्टीवरून झाली. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली होती आणि शिवाजी पेठेतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन मी नुकतीच राहायला आले होते. चौथ्या की पाचव्या सकाळी खालून खणखणीत हाक आली, “ओ बाई! ती शिट्टी बंद करा की जरा!”

मी गॅलरीत आले. समोरच्या घराच्या पायरीवर धोतर-सदरा घातलेले एक उंच गृहस्थ उभे होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, नुकतीच पूजा आटोपलेली दिसत होती. माझ्याकडे बघत ते म्हणाले, “तुमचा कुकर पेटीच्या काळी दोनमध्ये शिट्टी मारतोय. माझ्याकडं शिकणाऱ्या पोरी काळी चारला गातात. हिकडं त्यांनी सूर लावला की तिकडनं तुमची तूरडाळ त्यास्नी ओढून खाली नेतीया.”

“मग मी काय करू?” मी विचारलं.

“डाळ सातच्या आत शिजवा, न्हाईतर कुकर बदला. सूर काय बदलायचा न्हाय.”

मी डाळ सातच्या आत शिजवू लागले. सोळा वर्षं शिजवली. आता समोरच्या घराला कुलूप आहे आणि खालून कुणी हाक मारणार नाही, तरी साडेसहाला माझा हात आपोआप कुकरकडे जातो.

त्यांचं नाव गुरुपाद. गल्लीत आडनाव कुणाला लागत नसे. आप्पा म्हटलं की पुरे. कोल्हापुरात स्टुडिओ भरभरून चालत होते त्या काळात आप्पांनी वीसबावीस मराठी चित्रपटांना संगीत दिलं. पुढे चित्रपटांचं काम हळूहळू मुंबईला गेलं आणि आप्पा गेले नाहीत. का गेला नाहीत असं विचारलं तर म्हणत, “तिथलं पाणी जड.” यापलीकडे उत्तर मिळत नसे. मी आले तेव्हा ते घरी शिकवण्या करत. वर्षा-दोन वर्षांतून एखादा निर्माता अजूनही त्यांचं दार शोधत येई.

असाच एक जण मुंबईहून आला होता. त्याने खिशातून कॅसेट काढली, आप्पांना एक हिंदी गाणं ऐकवलं आणि म्हणाला, “आप्पासाहेब, असंच पाहिजे, पण वेगळं.” आप्पांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, कॅसेट त्याच्या हातात परत ठेवली. “असंच पायजे असंल तर ह्योच घ्या की, चांगलं हाय. वेगळं पायजे असंल तर उद्या या. आणि येताना ही कॅसेट घरी ठिऊन या.” तो दुसऱ्या दिवशी आला नाही. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मात्र त्याच्यासाठी केलेले कांदेपोहे मला आणून दिले.

चाल लावायची त्यांची रीत मी दोन-तीनदा जवळून पाहिली. गाण्याचे शब्द ते आधी वाचतच नसत. दिग्दर्शकाला समोर बसवून विचारत, “बाईच्या हातात काय हाय? घागर? भरलेली का रिकामी?” दिग्दर्शक गोंधळे. म्हणे, आप्पा, ते शूटिंगच्या वेळी ठरवू. “मग चालबी शूटिंगच्या वेळीच ठरवू. भरल्या घागरीची बाई आणि रिकाम्या घागरीची बाई एका ठेक्यावर चालती व्हय?” एकदा ठरलं, की मग ते डोळे मिटून बसत आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू होत. बोटांना वाट सापडली, की तोंड उघडे.

गाणं चांगलं झालं का, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. “दुसऱ्या दिवशी भांडी घासणारीनं म्हटलं का, तेवढं सांगा,” म्हणत. आकाशवाणीची एक मुलगी त्यांच्या मुलाखतीला आली होती. तिने घोटवून आणलेला प्रश्न विचारला, शास्त्रीय संगीत श्रेष्ठ की चित्रपट संगीत? आप्पा म्हणाले, “ऊस खाऊन बघा, साखर खाऊन बघा. चहात ऊस घालू नका म्हंजे झालं.” ती हसता हसता पुढचा प्रश्न विसरली.

आप्पा स्वतः काही लिहीत नसत. मला शाळेत स्वरलेखन शिकवलेलं होतं हे कळल्यावर त्यांनी मला कामाला लावलं. रविवारी दुपारी मी त्यांच्या सोप्यात वही घेऊन बसायची, ते गायचे, मी उतरवून घ्यायची. गायला मला येत नाही आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. “बाई, तुमचा गळा लायब्ररीचा हाय. शांतता राखा. पण कान बरा हाय.”

इतकी वर्षं ऐकूनही एक गोष्ट मला कळली नव्हती. असा गळा, अशी तालीम, आणि हा माणूस मैफलीत कधी गात नसे. बोलावणी येत, आप्पा पाटावरून उठल्यासारखे हात झटकून नाही म्हणत. आणि दुसरी एक गोष्ट. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं, विहिरीवरून भरली घागर घेऊन निघालेल्या बाईचं. चित्रपट लोक विसरले, गाणं राहिलं. लग्नाच्या वरातीत बँडवाले ते हमखास वाजवत. आमच्या गल्लीतून वरात निघाली आणि ते गाणं सुरू झालं, की आप्पा पायरीवरून उठून आत जात आणि खिडकी लावून घेत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ऊन लागतंय.” वरात संध्याकाळची होती.

शांताक्का आल्या ती श्रावणातली दुपार होती. आप्पांनी सत्तरी गाठली होती. मी वही उघडून बसले होते. दारात निपाणी गाडीतून उतरून आलेली एक ठेंगणी, गोरी म्हातारी उभी राहिली. खांद्याला पिशवी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. काकूंनी आधी ओळखलं. “अय्यो, शांताक्का!” म्हणत त्या पाणी आणायला धावल्या. आप्पा उठले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. त्या उठा म्हणाल्या नाहीत, की पाय मागेही घेतले नाहीत.

शांताक्का म्हणजे आप्पांच्या गुरूंची मुलगी. गुरूंना सगळे नुसतं बुवा म्हणत, घरात नाना. सीमेवरच्या एका गावी त्यांचं घर होतं आणि आप्पा वयाच्या बाराव्या वर्षापासून तिथे राहून शिकले होते. शांताक्का त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्याही गाणाऱ्या. बुवांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

पाणी पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं. “आप्पा, मी नानांची चीज न्यायला आले.”

“कुठली?”

“कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे.”

आप्पांनी माझ्यासमोरची वही मिटून ठेवली. मग म्हणाले, “ती द्यायचा मला हक्क न्हाई, आक्का.”

“मग कुणाला आहे? नाना गेले. दादा गेला. माझ्या कानात फक्त पहिली ओळ आहे, तीसुद्धा स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलेली. झपतालात होती, एवढं ठाऊक आहे. अंतरा तर मी ऐकलेलाच नाही. माझ्याकडे दोन मुली शिकतात. त्यांना काय देऊ? तुमचं विहिरीचं गाणं?”

तेव्हा आप्पांनी ते सांगितलं. मला उद्देशून नव्हे. पण मी तिथे होते आणि त्यांनी मला उठायला सांगितलं नाही. भीमपलासातली ती चीज, ती बंदिश, बुवांच्या घरातली होती, इतर कुठे कुणी गात नसे. शब्दांचा अर्थ साधा: दार लावून घेऊ नकोस, मी अजून वाटेतच आहे. बुवांनी ती आप्पांना शिकवली होती आणि गुरूच्या परवानगीशिवाय घरातली चीज बाहेर न्यायची नाही, हा गुरुघरचा नियम आप्पांनी शिष्य म्हणून मनगटावर गंडा बांधून घेताना कबूल केला होता. तरुणपणी विहिरीच्या गाण्याला काही केल्या चाल लागेना. रेकॉर्डिंग दोन दिवसांवर आलं. बोटांना वाट सापडली ती थेट त्या चिजेत जाऊन. त्यांनी ठेका बदलला, केरवा घातला, शब्द नवे होतेच. गाणं झालं. पुढे रेकॉर्ड निघाली तेव्हा ती घेऊन ते हौसेने बुवांकडे गेले.

“बुवांनी पुरी ऐकली,” आप्पा म्हणाले. “म्हणाले, चाल बरी हाय. कुणाची? मी म्हटलं, माझी. बस. एवढंच इचारलं त्यांनी. छान, म्हणाले, आणि मला जेवायला वाढलं. त्या दिवसापास्नं त्यांनी ती चीज पुन्हा तोंडातनं काढली न्हाई. किळस आली असंल माझी. मग मीबी ठरवलं, ज्याच्या गुरूला किळस आली त्यानं लोकांपुढं गाऊ नये.”

“किळस?” शांताक्कांचा आवाज चढला. “नाना जायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं, ती चीज मला द्या. म्हणाले, ती गुरुपादची आहे. त्याने तसं सांगितलं आहे. आता मी गायलो तर पोर खोटं ठरेल. आप्पा, शिष्याचा शब्द खोटा पडू नये म्हणून माझ्या बापाने आपल्या घरची चीज सोडली. आणि तुम्ही किळस म्हणता!”

आप्पांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग तंबोरा घेतला.

“बसा,” ते म्हणाले. “देतो.”

त्यांनी षड्ज लावला. काय सूर होता तो! चीज सुरू केली. पहिलीच ओळ अर्ध्यावर गेली आणि आतून काकूंचा आवाज आला, “अहो, पाहुणे आलेत आणि ते विहिरीचं गाणं कशाला लावलंय?”

आप्पा थांबले. पाणी प्याले. पुन्हा सुरू केलं. शब्द बुवांचे, पण चाल घागर घेऊन निघालेल्या बाईची. तिसऱ्यांदा तेच, चौथ्यांदा तेच. आप्पांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जगात ती चीज एकाच माणसाला येत होती आणि त्या माणसाच्या तोंडात चाळीस-पंचेचाळीस वर्षं दुसरंच गाणं राहून गेलं होतं.

“आक्का,” ते म्हणाले, “मी ती नुसती चोरली न्हाई. मोडून टाकली.”

शांताक्का परत गेल्या नाहीत. काकूंनी त्यांचं अंथरूण देवघराशेजारच्या खोलीत घातलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी मुबारकभाईंना बोलावणं धाडलं. मुबारकभाई एके काळी स्टुडिओत क्लॅरिनेट वाजवत. विहिरीच्या गाण्यातला क्लॅरिनेट त्यांचाच. पुढे ते लग्नाच्या बँडचे मास्तर झाले. आल्या आल्या म्हणाले, “आप्पा, माझ्याकडनं हे गाणं कोल्हापुरातल्या निम्म्या नवऱ्यांनी ऐकलंय. तुम्हीच तेवढं ऐकत नव्हता. आज काय झालं?”

“वाजव. पण एक एक तुकडा. मी थांब म्हटलं की थांब.”

“कशाला?”

“ह्यात मी काय काय घातलंय, ते काढून टाकायचंय. उरंल ते बुवांचं.”

मुबारकभाईंनी माझ्याकडे बघितलं. “लोक गाणी बांधतात, बाई. हे मोडायला बसलेत.”

नऊ दुपारी हे काम चाललं. मी कॉलेजातून अर्धी रजा काढून येत असे. मुबारकभाई तुकडा वाजवत, आप्पा डोळे मिटून ऐकत आणि निकाल देत. “ही मुरकी माझी. बाई लाजती म्हणून घातली. काढा.” मी खोडे. “ही तान वादकांसाठी. काढा.” मी खोडे. आपल्याच सगळ्यात गाजलेल्या कामाची एकेक वीट उपसून बाजूला ठेवताना या माणसाचा हात एकदाही अडखळला नाही. उलट दिवसागणिक त्यांना जोर चढत होता. मुबारकभाईच हळहळत. “आप्पा, ती राहू द्या की, लई गोड हाय.” आप्पा म्हणत, “गोड हाय म्हणूनच वळखली. बुवा गोड करत नव्हते.”

तरीही मधे घोडं अडलं. झपताल दहा मात्रांचा, केरवा आठांचा. प्रत्येक आवर्तनातल्या दोन मात्रा आप्पांनी तेव्हा कुठून तरी काढल्या होत्या आणि कुठून ते आता आठवत नव्हतं. दोन दुपारी त्यात गेल्या. ओळ ताणून बघितली, शब्द ओढून बघितले, शांताक्का प्रत्येक वेळी मान हलवत, “नाही. असं नव्हतं.” 

सातव्या दिवशी आप्पा उठून सोप्यात येरझारा घालू लागले. हात डोक्यावर, घागर धरल्यासारखे. चार पावलं टाकून थांबले. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबले. मग मोठ्याने म्हणाले, “बाई, लिवा! माझ्या बाईच्या डोक्यावर भरली घागर होती. तिला थांबता येईना. म्हणून मी थांबे काढले. बुवांची बाई थांबत होती!”

झपताल दोन-तीन, दोन-तीन असा चालतो. आप्पांनी दोन्ही तीनांतली तिसरी मात्रा काढून टाकली होती. तिथे बुवांच्या चिजेत काहीच नव्हतं, नुसता लांबवलेला सूर. वाटेतली बाई दम खाते तेवढा. आप्पांनी मांडीवर हात आपटत ओळ म्हटली. तिसऱ्या मात्रेवर सूर थांबला, पुढे गेला, पुन्हा थांबला. शांताक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या सरळ झाल्या. दुसऱ्या आवर्तनाला त्यांचा आवाज आप्पांच्या आवाजात मिसळला.

अंतऱ्यात एकच जागा राहिली. वरच्या षड्जावरून उतरताना सूर मध्यमापर्यंत येतो आणि सरळ खाली जायचं सोडून एकदम निषादाकडे मागे वळतो. इतकी देखणी जागा, की मुबारकभाईंनी ती वाजवली आणि आपणच क्लॅरिनेट खाली ठेवला. आप्पा म्हणाले, “ही माझी. बाई विहिरीकडं वळून बघती. काढा.”

“नक्की?” शांताक्कांनी विचारलं.

“नक्की. बुवांच्या बाईला मागं बघायचं कारण काय? तिला घर गाठायचंय.”

मी ती जागा खोडली. शांताक्का वहीतल्या त्या खोडलेल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी वही पिशवीत घातली आणि सकाळच्या गाडीने गेल्या. आप्पा त्यांना स्टँडवर सोडायला गेले होते. परत येऊन पायरीवर बसले आणि त्या दिवशी भर दुपारी, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात, एकटेच गात राहिले.

पुढल्या वर्षी थंडीत बुवांच्या स्मृतीचा कार्यक्रम कोल्हापुरात झाला. एका शाळेचं सभागृह, रविवारची सकाळ. आप्पांना व्यासपीठावर बसायचा आग्रह झाला. ते तिसऱ्या रांगेत बसले. एका बाजूला काकू, एका बाजूला मी. तेव्हा त्यांचं हृदय दुखणं सांगू लागलं होतं आणि जिने चढायला डॉक्टरांनी बंदी केली होती. त्यानंतर ते चार महिने राहिले. त्या चार महिन्यांतलं, दवाखान्यातलं वगैरे, मला लिहायचं नाही. माझ्या मनात आप्पा राहिले आहेत ते त्या सभागृहातले.

शांताक्कांनी भीमपलास दुपारचा असूनही सकाळी घेते म्हणून आधी माफी मागितली. म्हणाल्या, “नानांची चीज आहे. पंचेचाळीस वर्षांनी घरी आली. वेळ पाळायला तिला सवड झाली नाही.” लोक हसले. मग त्या गायल्या. आवाज थकलेला, पण चाल पक्की. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. आप्पांची बोटं मांडीवर चालत होती. स्थायी झाली, अंतरा आला. वरच्या षड्जावर त्या चांगल्या ठरल्या, उतरू लागल्या, मध्यमावर आल्या आणि एकदम निषादाकडे मागे वळल्या.

आप्पा ताडकन उभे राहिले. “आक्का! ती जागा बुवांची न्हाई!”

भरलेलं सभागृह दचकलं. तबला थांबला. काकूंनी धोतराचा सोगा धरून ओढला. तंबोरे तेवढे वाजत राहिले. शांताक्कांनी चष्म्यावरून तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

“ठाऊक आहे की,” त्या म्हणाल्या. “घरात आता ती पण राहील. खाली बसा, आप्पा. गाऊ द्या.”

त्यांनी तबलजीला खूण केली आणि अंतरा पहिल्यापासून उचलला. वर गेल्या, उतरल्या, मध्यमावर आल्या आणि तीच जागा घेतली, पहिल्यापेक्षा सावकाश. लोकांतून वाहवा उठली. मी वर बघितलं. आप्पांचे दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होते आणि डोळे उघडे होते. चाल ऐकताना त्यांचे डोळे मी कधी उघडे पाहिले नव्हते.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “ओ पावणं, बसा की खाली! आमास्नी कायबी दिसंना झालंय!”

आप्पा बसले नाहीत. चीज संपेपर्यंत उभेच राहिले.